नवव्या दिवसानंतर

मुंगसाने वईपाशी पिसं तेवढी ठेवली,
आणि पाटीत अकरा अंडी,
विझल्या चुलीतल्या राखेइतकी कोमट.

तीस वर्षं वायरमन होतो निवतीत.
खांबावर चढून लोकांच्या घरात उजेड सोडला;
उबेचं काम कधी अंगावर आलं नव्हतं.

बांगड्याचं थर्माकोलचं खोकं, तीनदा धुतलेलं,
तरी बांगड्याचंच.
आत चाळीसचा बल्ब, वाटीभर पाणी.
आरोग्य केंद्रातल्या फिलोमिनाबाईंनी थर्मामीटर देताना विचारलं,
ताप कोणाला?
म्हटलं, अकरा जणांना.
सदतीस पूर्णांक पाच हवा, उतरता कामा नये.

पेन्सिलने एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा.
दिवसातून पाच वेळा फुलीचा गोळा करायचा,
नाहीतर जीव कवचाला चिकटून बसतो.
कोंबडी हे चोचीने करायची, न मोजता.

दहाव्या रात्री अंडं बॅटरीवर धरलं.
भरतीच्या वेळच्या खाडीसारखे लाल फाटे,
मधे काळा ठिपका, हललेला.
डोळा.
बघायला काहीच नसताना डोळा.
हृदय तर तिसऱ्याच दिवशी चालू झालेलं असतं म्हणे,
म्हणजे ती गेली तेव्हा तिच्या पोटाखाली
अकरातली नऊ ठोकत होती.
दोन नुसतीच पिवळी, आरपार. गार अंडी.
अनशीने ती फेकली नाहीत. फडताळात ठेवली.

चौदाव्या रात्री वाऱ्याने वीज गेली.
कुठल्या वळणावर तार पडली
ते मला अंथरुणातच कळलं,
पण आता ती माझी तार नव्हती.
अनशीने जुनं लुगडं पोटाशी बांधलं, त्यात नऊ अंडी,
आणि भिंतीला टेकून बसली.
डोक्यावर माशांची पाटी घेऊन धावणारी बाई,
खोकतानासुद्धा आधी हात पोटाशी नेत होती.
झोप लागू नये म्हणून दर सांगत बसली:
बांगडो शंभराक सात,
सौंदाळो घे गो, ताजो आसा,
नको तर फुडे जा.
पहाटे साडेचारला बल्ब लागला
तेव्हा ती कोणाशी तरी पापलेटावरून भांडत होती.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद.
आता आतल्याने काय ते बघायचं.
मान उजव्या पंखाखाली, चोच जाड टोकाकडे;
तिथे हवेची एवढीशी खोली असते,
पहिला श्वास तिथला,
कवच शाबूत असताना घेतलेला.
विसाव्या दिवशी खोक्यातून आवाज आला,
ओल्या बिजागरीसारखा.
मग दुसऱ्या अंड्यातून त्याला उत्तर.

एका अंड्याला चांदणीएवढी चीर पडली, आणि थांबली.
पाच तास. नऊ तास.
मी टेस्टर हातात घेतला.
अनशीने तो काढून घेतला.
“हात लाव नको. पिवळा अजून पोटात जातासा.
आता सोललंस तर रगात येतला.”
हे तिला कोणी सांगितलं होतं
मी विचारलं नाही.
चौदाव्या तासाला टोपी उघडल्यासारखं टोक उघडलं
आणि भिजल्या काथ्याचा एक लोळा बाहेर पडून
दमून तिथेच झोपला.

सात निघाली.
उरलेल्या दोनांतलं एक मी नंतर फोडलं.
पूर्ण होतं. नखंसुद्धा.
मागल्या माडाच्या आळ्यात पुरलं,
अनशीने फडताळातली दोन गार अंडीही त्यातच टाकली.

पिल्लं माझ्याकडे येत नाहीत.
पाच वेळा फिरवणारा हात त्यांना ठाऊक नाही,
हाताला आवाज नसतो.
तांदळाची कणी टाकून मी च्यू च्यू करत बसतो,
ती केळीखाली आपापली उकरत राहतात.

मग संध्याकाळी बाजारातून येताना
उरलेली टोपली खपवायला अनशी वाडीत ओरडते,
बांगडो घे, बांगडो,
आणि सातही जणं पंख पसरून
वईतल्या भोकाकडे धावतात.